समचरणांची झीज

पंढरीच्या वारीची छायाचित्रे आता जगभर पोचली आहेत. दिवेघाटाच्या वळणांवरून चढत जाणारी माणसांची रांग, गोल रिंगणात धावणारा अश्व, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली वृद्ध स्त्री, पावसात चिंब होऊनही न थांबणारी दिंडी, अशी कितीतरी दृश्ये डोळ्यांसमोर येतात. संदेश भंडारे यांनी वारीबरोबर चालून टिपलेली छायाचित्रे ‘वारी : एक आनंदयात्रा’ या पुस्तकात आहेत, तर उद्धव ठाकरे यांनी आकाशातून टिपलेली वारी ‘पाहावा विठ्ठल’ या पुस्तकात पाहावयास मिळते. एका पुस्तकात माणसाच्या चेहऱ्यावरील सुरकुती दिसते. दुसऱ्यात लाखो माणसांचा मिळून झालेला एकच प्रवाह दिसतो.

परंतु वारी ज्या क्षणी पूर्णत्वास जाते, तो क्षण छायाचित्रात मावत नाही. आळंदीहून निघालेला वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरपुरास येतो. आषाढी एकादशीच्या गर्दीत अनेकांना कळसाचे दर्शन घेऊनच परतावे लागते. ज्यांना दर्शनबारीत उभे राहणे शक्य होते, ते तासन्‌तास, कधी दिवसभराहून अधिक काळ, पावलापावलाने पुढे सरकत राहतात. अखेर गाभाऱ्यात पोचल्यावर हाती येतात ते मोजके क्षण. त्या क्षणांत वारकरी देवाकडे पाहत उभा राहत नाही. तो वाकतो आणि विटेवरच्या दोन पायांवर हात टेकवून मस्तक ठेवतो. डोळे बहुधा मिटलेलेच असतात.

कॅमेऱ्याला स्पर्श टिपता येत नाही. स्पर्शाने मागे काय ठेवले, एवढेच त्याला दाखविता येते. पंढरपुरात स्पर्शाने जे मागे ठेवले आहे, ते म्हणजे झीज. विठ्ठलाच्या पायांची झीज, रुक्मिणीमातेच्या पायांची झीज, शिलालेखावरील अक्षरांची झीज. कोणत्याही कारागिराने न घडविलेली, पण असंख्य हातांनी मिळून घडविलेली ही एक विलक्षण कला आहे, आणि तिच्यामुळेच एक अवघड प्रश्नही उभा राहिला आहे.

जगातील झिजलेले पाषाण

असे पाषाण आणि अशा मूर्ती जगात इतरत्रही आहेत. रोममध्ये संत पीटर यांच्या भव्य चर्चमध्ये त्यांचा कांस्याचा बैठा पुतळा आहे. तेराव्या शतकातील शिल्पकार आर्नोल्फो दी काम्बियो याची ती कृती मानली जाते. यात्रेकरू शतकानुशतके त्या पुतळ्याच्या उजव्या पायाला हात लावीत आले, त्याचे चुंबन घेत आले. परिणामी त्या पायाची बोटे वितळल्यासारखी एक झाली आहेत. डाव्या पायाची बोटे मात्र अजून वेगवेगळी ओळखता येतात. दोन्ही पाय एकाच कारागिराने घडविले. पुढे एक त्याचाच राहिला, दुसरा लोकांनी पुन्हा घडविला.

स्पेनच्या वायव्य टोकाला सांतियागो दे कोंपोस्तेला हे तीर्थक्षेत्र आहे. तेथील यात्राही वारीप्रमाणे पायी करावयाची असते. युरोपच्या निरनिराळ्या देशांतून तेथे जाणाऱ्या पायवाटा मध्ययुगापासून मळलेल्या आहेत. तेथील महाद्वारावर मातेओ या शिल्पकाराच्या नावासह 1188 हे वर्ष कोरलेले आहे. द्वाराच्या मधोमध नक्षीदार स्तंभ आहे. शेकडो मैल चालून आलेला यात्रेकरू त्या स्तंभावर हात टेकवीत असे, इतरांनी टेकविला त्याच जागी. त्यामुळे संगमरवरात पाच बोटांचे पाच खोल ठसे उमटले. पुढे या शिल्पद्वाराच्या जतनाचे प्रदीर्घ काम हाती घेण्यात आले. ते 2018 मध्ये पूर्ण झाले. आता त्या खळग्यांत बोटे घालण्यास मनाई आहे. ठसे सुरक्षित आहेत, परंतु त्यांत आता कोणाचा हात बसत नाही.

इंग्लंडमधील कँटरबरीच्या चर्चमधील दृश्य याहून वेगळे आहे. 1170 मध्ये तेथे टॉमस बेकेट या धर्मगुरूची हत्या झाली आणि त्यांच्या समाधीकडे यात्रेकरूंची रीघ लागली. भाविक दगडी पायऱ्या गुडघ्यांवर चढून जात. 1538 मध्ये राजा आठवा हेन्री याच्या आज्ञेने ती समाधी उद्ध्वस्त करण्यात आली. समाधी गेली, मात्र गुडघ्यांनी पोखरलेल्या पायऱ्या आजही तेथे आहेत. ज्यासाठी यात्रा होती ते नाहीसे झाले आणि यात्रेची खूण तेवढी उरली.

प्रत्येक स्पर्शामागे श्रद्धाच असते, असेही नाही. इटलीतील व्हेरोना येथे शेक्सपिअरच्या ज्युलिएटचा कांस्य पुतळा आहे. त्याला हात लावल्यास प्रेमात यश मिळते, असा समज पर्यटकांत पसरला आणि पुतळ्याला तडा गेला. 2014 मध्ये मूळ पुतळा आत हलवून बाहेर त्याची प्रतिकृती ठेवावी लागली. आता गर्दीचे हात प्रतिकृतीवर पडतात. पंढरपुरात हा उपाय चालणार नाही, हे सांगावयास नको.

पाण्यातील देऊळ

वर सांगितलेल्या ठिकाणी स्पर्शाची जागा एखादीच आहे. पंढरपुरात मात्र सगळे क्षेत्रच स्पर्शाच्या क्रमाने मांडलेले आहे. पहिला स्पर्श पाण्याचा. भीमा नदी येथे चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तिचे नाव चंद्रभागा. स्नान झाले की वाळवंटातील पुंडलिकाचे दर्शन, त्यानंतर महाद्वारातील नामदेव पायरी, आणि शेवटी विठ्ठल, असा रूढ क्रम आहे.

पुंडलिकाचे मंदिर नदीच्या पात्रातच उभे आहे. उन्हाळ्यात त्याच्या भोवती वाळू असते, मुले खेळतात, होड्या काठाला लागलेल्या असतात. पावसाळ्यात भीमेवरील उजनी आणि नीरेवरील वीर या धरणांतून पाणी सोडले की पात्र भरते आणि वाळवंटातील देवळे एकामागून एक पाण्याखाली जाऊ लागतात. पाण्यातून वर आलेले शिखर आणि भोवती पसरलेला तांबूस पूर, हे छायाचित्र बहुतेक पावसाळ्यांत वृत्तपत्रांतून दिसते. पाहणाऱ्यास ते संकटाचे चित्र वाटते. क्षेत्रस्थ माणूस मात्र त्यावरून पाणी किती चढले याचा अंदाज बांधतो. पूर ओसरला की गाळ काढला जातो, दगड धुतले जातात आणि पूजा पुन्हा सुरू होते. झीज आणि डागडुजी यांचे चक्र येथे मंदिराबाहेर, नदीपासूनच सुरू झालेले आहे.

नदीच्याच पात्रात, गोपाळपूरच्या बाजूला, विष्णुपद नावाचे स्थान आहे. तेथील खडकावर देवाची पावले उमटली आहेत, अशी श्रद्धा आहे. मार्गशीर्ष महिन्यात विठ्ठलाचा मुक्काम तेथे असतो असे मानतात आणि भाविक त्या महिन्यात विष्णुपदावर आवर्जून जातात. मंदिरात माणसांच्या हातांनी देवाचे पाय झिजतात; नदीत मात्र देवाच्या पायांनी खडक उमटला असे सांगितले जाते. एकाच गावातील या दोन खुणा परस्परांना उत्तर देणाऱ्या आहेत.

एक पायरी आणि एक समाधी

मंदिराच्या महाद्वारातील पहिली पायरी नामदेवांच्या नावाने ओळखली जाते. देवाच्या दर्शनास येणाऱ्या संतांच्या पायांची धूळ आपल्या मस्तकी लागावी, या इच्छेने नामदेवांनी त्या जागी समाधी घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणजे ती पायरी पाय पडावेत म्हणूनच तेथे आहे. प्रत्यक्षात तिच्यावर कोणीही पाय ठेवीत नाही. येणारा प्रत्येक जण तिला हाताने स्पर्श करतो, मस्तक लावतो आणि ती ओलांडून पुढे जातो. संताने मागितले होते पाय, लोकांनी दिले हात. नम्रतेला नम्रतेने दिलेले हे उत्तर आहे.

त्याच महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम सुरू असताना भिंत कोसळून चोखामेळा यांचा मृत्यू झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधविली, अशी परंपरा सांगते. चोखोबांच्या समाजास मंदिरात प्रवेश नव्हता. त्यामुळे पुढील अनेक शतके त्या समाजातील वारकरी येथवर येत, चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवीत आणि आत न जाता परत फिरत. ज्या गावात स्पर्श हीच सर्वोच्च उपासना होती, त्याच गावात काही माणसांचा स्पर्श निषिद्ध ठरविला गेला होता.

हे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरातील तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास प्रारंभ केला. दहाव्या दिवशी, 10 मे रोजी, ते सुटले आणि विठ्ठल मंदिराचे दार सर्वांसाठी उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. देश स्वतंत्र होण्यास तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते.

विठ्ठलाच्या पायांवरील झिजेकडे या दृष्टीनेही पाहता येते. झीज ही एक प्रकारची नोंदवही आहे. कोण आले, याची नावे तिच्यात नसतात. परंतु कोणाला येऊ दिले नाही, हे इतिहास जाणणाऱ्यास तिच्यावरून आठवते. त्या पायांवर जी जुनी झीज आहे, तिच्यात चोखोबांच्या वंशजांच्या हातांचा वाटा नाही. 1947 नंतरच्या झिजेत मात्र तो आहे. म्हणूनच येथील पदस्पर्शदर्शन हा केवळ एक धार्मिक उपचार राहत नाही. तो मोठ्या मोलाने मिळविलेला अधिकार आहे, आणि तो पुन्हा कमी करण्याचा विषय निघाला की पंढरपूर अस्वस्थ होते.

चौऱ्यांशीचा शिलालेख

मंदिरात शिरल्यावर आणखी दोन दगड भाविकांची वाट पाहत असतात. एक गरुडखांब. चांदीने मढविलेल्या या खांबास भाविक कवेत घेतात. कर्नाटकातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या मनात या खांबाशी पुरंदरदासांची आठवण जोडलेली आहे. देवाच्या पायांवर माथा ठेवण्यापूर्वी खांबाला मिठी मारण्याची ही रीत पाहिली की पंढरीची भक्ती किती देहाने करावयाची आहे, हे ध्यानात येते.

दुसरा दगड इतिहासाच्या दृष्टीने त्याहून मोलाचा. त्याला चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणतात. शके 1195 ते 1199, म्हणजे इसवी सन 1273 ते 1277, या काळात विठ्ठल मंदिरास ज्यांनी देणग्या दिल्या, त्यांच्या नोंदी त्यावर आहेत. देवगिरीचा राजा रामदेवराव यादव आणि त्याचा मंत्री हेमाद्री पंडित यांची नावे त्यात येतात, तशीच साध्यासुध्या दात्यांचीही येतात. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये लिहिली गेली, हे लक्षात घेतले तर हा लेख तिच्याही आधीचा ठरतो. याच मंदिरातील आणखी एक शिलालेख शके 1111 चा, म्हणजे 1189 चा आहे. सांतियागोच्या महाद्वारावर 1188 हे वर्ष कोरले गेले, त्याच सुमारास भीमेच्या तीरावर ही अक्षरे कोरली जात होती.

चौऱ्यांशीच्या शिलालेखास पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका होते, असा समज लोकांत रूढ झाला. मग येणारा प्रत्येक यात्रेकरू त्यास पाठ लावू लागला. पिढ्यानुपिढ्या पाठी घासल्या गेल्या आणि अक्षरे पुसट होत गेली. यातील विसंगती मोठी आहे. आपले नाव देवाच्या दारी कायम राहावे म्हणून दात्यांनी ते दगडावर कोरविले आणि त्याच देवाच्या भक्तांनी, नकळत, ते पुसत आणले. घासणाऱ्यास अक्षर वाचता येत नव्हते, आणि वाचणारा अभ्यासक पोचला तोवर पुष्कळसे गेलेले होते.

जे उरले, त्याचे वाचन अभ्यासकांनी चिकाटीने केले. शं. गो. तुळपुळे यांच्या 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथाने अशा लेखांचे मोल वाचकांपुढे ठेवले. शिलालेखाचा ठसा घेण्याची रीतही स्पर्शाचीच आहे. दगड धुऊन त्यावर ओला कागद बसवितात, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत दाबतात आणि वरून शाईचा बोळा फिरवितात. कोरलेले अक्षर पांढरे राहते, भोवतालचा भाग काळा होतो. पाठीने जे पुसले, ते हाताने असे जपून उचलून घेतले. दोघांचाही भाव दगडाविषयी आदराचाच होता. फरक होता तो जाणिवेचा.

हंपी आणि श्रवणबेळगोळ

विठ्ठलाचे दुसरे एक जगप्रसिद्ध मंदिर हंपीस आहे. तेथील दगडी रथ 2017 नंतरच्या पन्नास रुपयांच्या नोटेवर छापलेला असल्याने तो घरोघरी पोचला आहे. विठ्ठलाची मूर्ती काही काळ विजयनगरास होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती पंढरपुरास परत आणली, अशी कथा वारकरी सांगतात. आज हंपीच्या त्या मंदिराचा गाभारा रिकामा आहे. रंगमंडपातील सडपातळ दगडी खांब बोटांनी आघात केला असता निरनिराळे सूर देतात, म्हणून ते प्रसिद्ध झाले. पुढे पर्यटकांच्या ठोकण्याने खांबांना इजा होऊ लागली आणि त्यांना हात लावण्यास बंदी करण्यात आली. हंपीस देव नाही, म्हणून तेथे शिल्प सांभाळणे तुलनेने सोपे आहे. पंढरपुरास देव आहे, आणि तो भेटीसाठीच उभा आहे असे त्याच्या भक्तांचे म्हणणे आहे.

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. दहाव्या शतकात चामुंडरायाने घडविलेल्या त्या अखंड पाषाणमूर्तीच्या चरणांजवळ मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणली जाणारी अक्षरे आहेत, हे मराठी वाचकास माहीत असतेच. सुमारे सत्तावन्न फूट उंचीच्या त्या मूर्तीच्या चरणांपर्यंत माणसाचा हात पोचतो, मस्तकापर्यंत नाही. मस्तकावरील अभिषेक साधारणपणे बारा वर्षांनी, उंच मचाण बांधून होतो. अलीकडचा महामस्तकाभिषेक फेब्रुवारी 2018 मध्ये झाला. तेथे परंपरेनेच काळाची मर्यादा घातली आहे. रोज चरणपूजा आणि एका तपाने मस्तकाभिषेक. मर्यादा घातल्याने भक्ती कमी झाली नाही. उलट त्या दिवसाची वाट पाहण्यात एक तप जाते.

वज्रलेप

पंढरपूरची मूर्ती उंचीने लहान आहे, कटीवर हात ठेवून समचरण उभी आहे आणि हाताच्या अंतरावर आहे. तिच्या झिजेची कारणे साधी आहेत. माणसाच्या तळहातावर घाम असतो, घामात मीठ असते, त्वचेवर तेल असते, वाटेवरची बारीक धूळ असते. एका स्पर्शाने काहीच घडत नाही. तोच स्पर्श वर्षानुवर्षे, न थांबता होत राहिला की धुळीचे कण कानसेसारखे काम करू लागतात. त्यात दूध, दही, तूप, मध आणि साखर यांच्या पंचामृती स्नानाची भर पडते. दह्याचा आंबटपणा आणि साखरेचे खरखरीत कण हे पाषाणास मानवणारे नव्हेत. म्हणून मूर्तीवरील अभिषेकांस मर्यादा घालावी लागली.

झीज थांबविण्यासाठी मूर्तीवर वज्रलेप करण्यात येतो. शब्द जुना आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले, वेखंड अशी द्रव्ये पाण्यात आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावीत, त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादी मिसळावेत आणि तो लेप तापवून देवळाच्या भिंतीवर व मूर्तीवर द्यावा, अशी त्यात कृती आहे. आजचा लेप रासायनिक रेझिनचा असतो. प्रथम मूर्तीवर साचलेला तेलकट थर काळजीपूर्वक काढतात, ती पूर्ण कोरडी होऊ देतात आणि मग पातळ लेप देतात. विठ्ठलमूर्तीवर पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून 1988 मध्ये असा लेप देण्यात आला आणि त्यानंतरही काही वर्षांच्या अंतराने तो पुन्हा द्यावा लागला.

लेप पुन्हा का द्यावा लागतो, यातच त्याचे मर्म आहे. तो कायमचा टिकावा म्हणून दिलेला नसतो; तो पाषाणाऐवजी स्वतः झिजावा म्हणून दिलेला असतो. भाविकाच्या हाताने जे थोडेसे निघून जाते, ते लेपाचे जाते, मूर्तीचे नाही. वाळवंटातील देवळावरून पूर जातो आणि गाळ काढून ते पुन्हा उभे केले जाते, तसाच हा क्रम आहे. झीज आणि भरपाई यांचा हिशेब नीट ठेवला, तर पाय आणि हात दोन्ही राहू शकतात.

दोन वर्षांचे अंतर

स्पर्श नसला तर काय होते, हेही पंढरपुराने अनुभविले आहे. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे मंदिर बंद झाले. त्या वर्षीच्या आषाढीस मानाच्या पालख्या पायी न येता एसटीच्या बसमधून आल्या. एरवी माणसांनी ओसंडून जाणारे वाळवंट रिकामे होते. त्या काळातील छायाचित्रे पंढरपूरच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण छायाचित्रे म्हणावी लागतील. त्यांत पाहण्यासारखे काहीच नाही, आणि तेच पाहण्यासारखे आहे. त्याच रिकाम्या दिवसांत, जून 2020 मध्ये, मूर्तीवर पुन्हा वज्रलेप करून घेण्यात आला.

नोव्हेंबर 2020 मध्ये मंदिर उघडले, पण दुरून मुखदर्शनापुरतेच. देव दिसत होता, पायांना हात लागत नव्हता. दर्शन लवकर होत असे, रांग झरझर पुढे जात असे. तरीही भाविकांच्या तोंडी एकच प्रश्न असे, पाय केव्हा मिळणार? ते मिळाले 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी. पुढे 2024 मध्ये मंदिराच्या जतनाच्या कामासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्श पुन्हा थांबला. त्या काळात नंतरच्या पिढ्यांनी बसविलेल्या फरश्या आणि आवरणे काढून मूळ काळा पाषाण उघडा करण्यात आला. काम चालू असतानाच, मे महिन्याच्या अखेरीस, एक तळघर आढळले आणि त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. या वेळी कोणी फारशी कुरकुर केली नाही. जतनासाठी थोडा काळ दूर राहणे भाविक समजून घेतात. कायमचे दूर राहणे त्यांना मान्य नसते.

जतनाचा आणि भक्तीचा हा वाद वाटतो तितका परस्परविरोधी नाही. पंढरपूरच्या परंपरेतच देवाच्या थकव्याची दखल घेतलेली आहे. आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढला जातो, कारण त्या दिवसांत मंदिर अहोरात्र उघडे असते आणि देव झोपत नाही. उभे राहून पाठ अवघडू नये म्हणून मूर्तीच्या पाठीशी कापसाचा लोड दिला जातो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. लिंबू आणि साखर लावून देवाचे पाय चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवितात आणि पलंग पुन्हा आपल्या जागी येतो. लाखोंना भेटणारा देव थकतो, त्याला विश्रांती हवी, हे जुन्यांनी केव्हाच ओळखले होते. रसायनतज्ज्ञ पाषाणाविषयी निराळ्या शब्दांत तेच सांगत आहेत. लिंबाचा आंबटपणा पाषाणास किती सोसवेल, एवढा प्रश्न दोघांनी एकत्र बसून सोडवावयाचा आहे.

सांतियागोच्या स्तंभावरील पाच ठसे आज निर्धोक आहेत आणि कँटरबरीच्या पायऱ्यांना आता गुडघ्यांचा उपद्रव नाही. दोन्ही ठिकाणी झीज थांबली. पंढरपुरात ती थांबलेली नाही, कारण तेथे माणसे अजून येत आहेत. उद्या पहाटे कोणी तरी दर्शनबारीतून गाभाऱ्यात पोचेल, वाकेल, दोन पायांवर हात ठेवील आणि पुजाऱ्याच्या इशाऱ्यासरशी बाजूस होईल. लेपाचा एखादा कण त्या हाताबरोबर जाईल. तो भरून काढण्याची जबाबदारी मागे राहिलेल्यांची आहे.